कुंदास्टो

नातीच्या इंग्रजीच्या वहीत एक वाक्प्रचार आला.
तिकडे म्हणे माणूस स्वतःसाठी नाव 'बनवतो',
सुताराने पाट बनवावा तसं.
"मराठीत काय लिहू, आबा?"
म्हटलं, नाव काढणे.
आणि हसू आलं,
कारण चाळीस वर्षं मी दुसरं काही केलंच नाही.

खारकर आळीत जिन्याखाली दुकान.
दुकान म्हणजे स्टूल, सहा डबे, टर्पेंटाइनचा वास.
वडील म्हणायचे, अनंता, नाव काढ रे बाबा.
मी काढत गेलो.
आधी शिरोरेघ ओढायची एका श्वासात,
मग दोरीवर धुणं टाकावं
तशी एकेक अक्षरं तिला लटकवायची.
दाताचे डॉक्टर, चेंदणीच्या होड्या,
वागळे इस्टेटीतले कारखाने, गेटाएवढ्या अक्षरांचे,
ज्यांचे भोंगे थांबले तरी
माझा लाल रंग उन्हात ड्यूटीवर उभा होता.
एक वकील भांडला,
'ॲड.' ठसठशीत आलं आणि नाव बारीक म्हणून.
कोपऱ्यात तांदळाएवढं 'अनंता' लिहायचो.
ते वाचायला कुणी वाकल्याचं आठवत नाही.

कधी फोन यायचा,
"पेंटर, एक नाव काढायचंय."
विचारावं लागे, लिहायचंय की खरवडायचंय?
नौपाड्यात दोन भावांच्या पाटीवरून
धाकट्याचं खरवडलं.
थोरला शेजारी उभा राहून म्हणत होता,
लाकूड जपा हं, सागवान आहे.

वर्तकनगरच्या पुढे तेव्हा गुडघाभर गवत.
तिथे पोतनीस नावाच्या माणसाने किराणा टाकला,
नव्या बायकोच्या नावाने. कुंदा स्टोअर्स.
ठरले तीस, हातात पंधरा.
'स्टो' झालं तेव्हा शिडीवरूनच विचारलं, बाकीचे?
उद्या, म्हणाला.
म्हटलं, मग 'अर्स'ही उद्या.

तो उद्या आला नाही.
दुकान दीड वर्ष चाललं, मग कुलूप.
पाटी राहिली.
रिक्षावाले एकमेकांना सांगू लागले, कुंदास्टोला सोडलं,
कुंदास्टोवरनं डावीकडे.
पाळणाघराने पत्त्यात लिहिलं,
लग्नपत्रिकांत आलं, कुंदास्टोजवळ, ठाणे पश्चिम.
गवत गेलं, पाटी गेली, सत्तावीस मजले आले,
आणि एक दिवस बसथांब्यावर निळ्या पत्र्याची पट्टी,
मशीनने कापलेली अक्षरं,
सलग एकच शब्द.
शिरोरेघ बरी होती. बरीच म्हणायची.

परवा रिक्षात एक पोरगा मित्राला सांगत होता,
कुंदास्टो हा पोर्तुगीज पाद्री,
इथे त्याची विहीर होती, गोड्या पाण्याची.
मी काही बोललो नाही.
विहिरीचं मलाही पटायला लागलं होतं.

गेल्या महिन्यात बसमध्ये
पुढच्या सीटवर एक बाई होत्या,
सत्तरीच्या, मांडीवर पालेभाजीची पिशवी.
कंडक्टरने विचारलं, कुठे?
त्या जरा थांबल्या.
उखाणा घेण्याआधी बाया थांबतात तशा.
मग म्हणाल्या, "एक कुंदास्टो."
बारीक आवाजात, शेवटचं अक्षर गिळत.

थांब्यावर उतरल्या
आणि पट्टीकडे न बघता
वर बघत राहिल्या, दुसऱ्या मजल्याच्या खाली,
साधारण माझी शिडी टेकायची तिथे.

मनात आलं हाक मारावी,
वहिनी, पंधरा रुपये येणं आहे.
बस सुटली.
बरंच झालं.
दिले असते तर
'अर्स' लिहून द्यावं लागलं असतं.